टाके दाखवायला सांगलीला

आक्का, आपला अबोला चालू होता आणि त्याच्या बाराव्या दिवशी तुम्ही गेलात. ही काय रीत झाली?

जावा-जावांनी भांडू नये असं कुठं लिहिलेलं नाही, आणि आपण तर दहा वर्षांत एकही सण कोरडा जाऊ दिला नाही. करंजीच्या सारणात खसखस भाजून घालायची की कच्ची, यावरूनसुद्धा आपण दोन दिवस बोललो नव्हतो. पण अबोला मोडायची पाळी नेहमी तुमची. थोरल्या म्हणून तुम्ही ती स्वतःकडे घेतली होती. फोन करायचा, भांडणाचं नाव काढायचं नाही, नुसतं विचारायचं, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "जेवले." की मिटलं. या वेळीही मी साताऱ्यात बसून त्याच फोनची वाट बघत होते. फोन आला तो मोठ्या दिरांचा. सकाळी वैरण घेऊन बांधावरून येताना तुम्ही मध्येच खाली बसलात, पाणी मागितलंत, आणि ते तांब्या घेऊन येईपर्यंत तुम्ही नव्हतात. ते एवढंच बोलले.

तेरावं होईपर्यंत मी गावी होते. बायका यायच्या, माझ्या गळ्यात पडायच्या, म्हणायच्या, "सख्ख्या भनी बी अशा ऱ्हात न्हाईत, बाई." मी मान हलवायचे. आणि आत तुमचं शेवटचं वाक्य चालू असायचं. "वैशे, तुला मी एसटीत बसवून न्हेलं व्हतं. तू त्या पोरीला वाऱ्यावर सोडलंस." त्यानंतर तुम्ही फोन ठेवला होता. एवढ्या भरल्या घरात हे वाक्य फक्त मला माहीत होतं. इतक्या माणसांत इतकी एकटी मी कधीच पडले नव्हते, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? एकदा पडले होते. तुमच्या माहेरी.

तुम्ही मला तुमच्या माहेरी बाळंतपणाला नेलंत, हे आपल्या गावात अजून बोलून दाखवतात. माझी आई मी बारावीत असतानाच गेलेली. खंडाळ्याला भाऊ होता, पण भावजय स्वतःच सातव्या महिन्यात. सासूबाई म्हणाल्या, मग हितंच करू की. तुम्ही चुलीपुढून मागे न वळता म्हणालात, "पहिलं बाळंतपण सासरी न्हाई व्हायचं. मी न्हेते तिला माझ्या आईकडं." जावेला जावेच्या माहेरी नेलेलं कुणी ऐकलं नव्हतं. कवठे महांकाळजवळच्या तुमच्या वाडीत तर बायका मला बघायलाच यायच्या. "ही व्हय ती, जाऊ?" असं विचारून दारातच टेकायच्या आणि चहा घेऊन उठायच्या. तुम्हाला त्यात मोठा मान वाटायचा.

मी तेव्हा इस्लामपुरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गरोदर बायकांना योगासनं शिकवायचे. आठव्या महिन्यापर्यंत स्वतःचं पोट सांभाळत शिकवलं. बाकीच्या बायकांना डॉक्टरीणबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, तयारी अशी पाहिजे. तुमच्या माहेरी पडवीत सतरंजी टाकून मी भद्रासनात बसले की तुमची आई ज्वारी निवडता निवडता म्हणायची, "ही पोरगी हासत बाळंत व्हनार बगा." मलाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर मला गर्वच होता. बायकांना पुढं जो त्रास होतो तो श्वास नीट न घेतल्यामुळं होतो, असं मी मनात धरून चालले होते.

बाळंतपण खरंच सोपं झालं. मिरजेचा दवाखाना, चार टाके, मुलगी, तीन किलो. सगळे हसत होते, मीही हसले. त्याच्या पुढचं मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या वर्गाची वही प्रसूतीच्या तारखेला संपायची. तारखेसमोर मी बरोबरची खूण करायचे आणि पान उलटायचे.

चौथ्या दिवसापासून मला काही कळेनासं झालं. लोक म्हणतात मन उदास होतं. उदास म्हणजे निदान काहीतरी वाटतं. मला काहीच वाटत नव्हतं. पोर रडली की शेजारच्या घरात कुणाचं तरी मूल रडतंय असं वाटायचं. तिला पाजायला घेतलं की हिला माझ्याच हातून काहीतरी होणार, या भीतीनं मी भिंतीला पाठ लावून बसायचे. तुम्ही मायलेकींनी काही म्हणून कमी ठेवलं नव्हतं. अंगाला तेल, बाजेखाली शेगडी, डोक्याला फडकं, ताटात तुपाची धार. इतकं सगळं मिळत असताना रडायचं कशावरून, हे मला सांगता येत नव्हतं. म्हणून मी भ्रामरी करायला बसायचे. डोळे मिटून, कान बंद करून हुंकार सुरू करायचा. दोन-तीन हुंकार नीट व्हायचे, मग त्याचं रडणं व्हायचं. बाहेरून तुमच्या आईचा आवाज यायचा, "ऐका, पोरीचा योगा सुरू झाला."

तो योगा नाही, रडणं आहे, हे त्या घरात एकट्या तुम्ही ओळखलंत. आणि ओळखूनही चुकलात.

तुम्हाला दोन मुली. त्यावरून तुम्ही आपल्या घरात काय काय ऐकून घेतलं होतं, ते मी लग्न होऊन आल्यावर थोडंफार पाहिलं होतं. तुमच्या मनानं घेतलं की मी मुलगी झाली म्हणून रडतेय. पाचवीची पूजा झाली आणि तुम्ही खोलीचं दार ओढून घेतलंत.

"शिकल्याली बाई तू. बायकांस्नी शिकवतीस. आन् पोरगी झाली म्हणून तोंड पाडून बसलीस? माझ्या आईच्या घरात, माझ्या देखत?"

मी नुसतं "तसं नाही" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण खरं जे होतं ते मला त्याहून वाईट वाटत होतं. मुलगी नको असणाऱ्या बायका जगात असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. स्वतःचं मूल परकं वाटणारी मात्र मी एकटीच असणार, अशी माझी खात्री होती. म्हणून तुमचा गैरसमज मी तसाच राहू दिला. त्यातल्या त्यात तो बरा होता. त्यानंतर सात दिवस तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. ताट आणून ठेवायचात, पोरीला न्हाऊ घालून आणून द्यायचात आणि पाठ फिरवायचात.

बाराव्या दिवशी बारसं. पडवी बायकांनी भरलेली, घुगऱ्यांचं पातेलं उतरलेलं, पाळण्याला फुलं बांधायचं चाललेलं. पोरीला आत माझ्याजवळ आणून ठेवलं आणि सगळ्या बाहेर गडबडीला लागल्या. ती रडायला लागली. तुम्ही बाहेरून दोनदा हाक मारलीत आणि मग तणतणत आत आलात. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

"आगं, पोर रडती की!"

"आक्का, तुम्ही घ्या तिला."

"का? तुझ्या हातास्नी काय झालंय?"

"मला तिच्याजवळ एकटीला ठेवू नका." आणि मग जे इतके दिवस अडकलं होतं ते बाहेर पडलं. "मुलगी नको असं नाही हो. तिला दुसरी आई बघा. मला जमत नाही."

बाहेर कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली होती. तुम्ही पोरीला उचलून खांद्यावर टाकलंत आणि माझ्यासमोर खाली बसलात. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"कवापासनं?"

"चौथ्या दिवसापासून."

"झोप लागती?"

"नाही."

"मरावं वाटतंय?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. तुम्हाला कळलं. तुम्ही बाहेर जाऊन सांगितलंत, "वैशीला घेरी आलीया. पाळण्यात मीच घालते." नणंदबाई रुसल्या, कारण नाव ठेवायचा मान आत्याचा. तुम्ही तिकडं बघितलंसुद्धा नाही. दर दहा मिनिटांनी आत येऊन मला बघून जायचात, आणि दाराशी तुमच्या थोरल्या मुलीला बसवून ठेवलं होतंत.

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलंत, "टाके दुखत्यात तिचे. सांगलीला दाखवून आणते." सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण घराबाहेर काढायची नाही, तुमची आई दारात आडवी उभी राहिली. तुम्ही तिच्या बाजूनं मला काढलंत आणि एसटीत खिडकीजवळ बसवलंत, कान बांधून. पोर तुमच्या मांडीवर. सांगलीत पोचल्यावर दवाखान्याच्या पाटीवर 'मानसोपचार' असं वाचून मी पायरीवरच थांबले.

"आक्का, मी वेडी झालेय का?"

"ते आत जाऊन इचारू. चल."

आत डॉक्टरीणबाईंनी मला विचारायला सुरुवात केली आणि उत्तरं मात्र तुम्ही द्यायला लागलात. जेवण जातं का? "मातीवाणी लागतंय." दिवसात कुठल्या वेळी जास्त त्रास होतो? "सकाळी. जाग आली की लय वाईट." माणसं आली की बरं वाटतं का? "माणसं आली की हासायचं, गेली की पडायचं." मी हे तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. शेवटी डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "तुम्ही जरा थांबा, यांना बोलू द्या." आणि मी, एवढ्या अवस्थेतसुद्धा, मनात चिडले की या बाईला सगळीकडं पुढं पुढं करायची खोडच आहे.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतो, आणि औषधानं बरा होतो. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या दिल्या. मला एकटीला ठेवायचं नाही, असं तुम्हाला बजावलं. मी घाबरत विचारलं, माझा योगाभ्यास कुठं चुकला? त्या म्हणाल्या, "कुठंच चुकला नाही. पण आता आसनं राहू द्या. आधी झोपा."

मी झोपले, कारण तुम्ही जागलात. बरं वाटणं एकदम आलं नाही. एक दिवस आमटी खारट लागली, म्हणजे चव कळली. काही आठवड्यांनी पोरीनं जांभई दिली आणि मला हसू आलं, आणि ते कुणाला दाखवायचं हसू नव्हतं. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही पिठाचे हात तसेच घेऊन धावत आलात, काहीतरी वाईट झालं असं समजून. मी म्हटलं, "काही नाही, हिनं जांभई दिली." तुम्ही तिथंच उंबऱ्यावर बसलात आणि पदरानं डोळे पुसत मला शिव्या दिल्यात.

सासरी आल्यावरही आपल्या सांगलीच्या फेऱ्या चालूच होत्या. दर पंधरा दिवसांनी तुम्ही सांगायचात, टाके दाखवायला चाललोय. सासूबाई एकदा म्हणाल्या, "कसलं टाकं घातल्यात त्या डॉक्टरनीनं, आजून उसवत्यात?" तुम्ही तोंडात पदर कोंबून गोठ्यात पळालात. मी एकटीच तिथं उभी, गंभीर चेहरा करून. नंतर नंतर आपल्याला त्या फेऱ्या आवडायला लागल्या होत्या, हे कबूल करा. औषध घेऊन झालं की स्टँडजवळ भडंग घ्यायची आणि एसटी लागेपर्यंत खात बसायचं. माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतकी निवांत संगत कुणी दिली नाही.

हे कुणालाच माहीत नव्हतं. यांनाही नाही. हे तेव्हा सैन्यात, बर्फातल्या चौकीवर होते, आठवड्यातून एकदा फोन लागायचा, त्यात काय सांगणार? पुढं सुट्टीवर आले तेव्हा मी बरी झाले होते आणि सांगायची गरज राहिली नाही, असं मी ठरवून टाकलं. मग वर्ग काढायचा म्हणून साताऱ्यात खोल्या घेतल्या, पिठाच्या गिरणीच्या वर हॉल मिळाला, वर्ग सुरू झाला. आणि आपलं ते भांडण सुरू झालं जे कधी संपलंच नाही.

तुम्ही साताऱ्याला आलात की वर्गात मागच्या खुर्चीवर बसायचात, गुडघे चोळत. पुढं चौथ्या महिन्यापासूनच्या बायका, कडेला त्यांच्या सासवा. मी सांगायचे, श्वास आत, श्वास बाहेर. वर्ग सुटला की जिना उतरतानाच तुमचं सुरू.

"एवढं सगळं सांगितलंस. फुडचं कवा सांगनार?"

"सांगेन."

"कवा? त्या बाळंत झाल्यावर? तवा त्या तुझ्याकडं येत्यात व्हय?"

मी म्हणायचे, आक्का, तुम्हाला कळत नाही. जिच्यावर डोक्याचे उपचार झालेत तिच्याकडं कोण आपली सून पाठवेल? तुम्ही म्हणायचात, "मग तू खोटं शिकवतीस." हे मला फार लागायचं. मी चिडून बोलायचे, तुम्ही चिडून एसटीत बसायचात, आणि दोन दिवसांनी विचारायचात, जेवलीस का. आठ वर्षं झाली, आक्का. आठ वर्षं मी दर महिन्याला ठरवायचे की पुढच्या वर्गात सांगू.

मग प्रणाली. तुम्ही तिला पाहिलं होतं, पहिल्या रांगेतली, उंच, सगळं वेळेवर करणारी. मला ती फार आवडायची, कारण ती माझ्यासारखी होती. बाळंत होऊन दीड महिना झाल्यावर तिची आई मला राजवाड्याजवळ भाजी घेताना भेटली. म्हणाली, पोरगी उठत नाही, बोलत नाही, बाळाकडं बघत नाही. तुमच्याकडं एवढा योगा केला, मग असं कसं झालं? मला तिथल्या तिथं सगळं कळलं होतं. आणि मी म्हटलं, "श्वासावर लक्ष ठेवायला सांगा. होईल बरं."

संध्याकाळी मीच तुम्हाला हे फोनवर सांगितलं. का सांगितलं? तुम्ही रागावाल म्हणूनच सांगितलं असणार. तुम्ही आधी शांतपणे विचारलंत, "डॉक्टरचं नाव दिलंस का न्हाई?" मी म्हटलं, नाही. मग ते एसटीचं वाक्य. मग फोन बंद. त्यानंतर माझ्याकडं अकरा दिवस होते. तिच्या घरचा पत्ता वहीत होता, घर कोरेगावच्या रस्त्याला, अर्ध्या तासावर. मी गेले नाही. तुमच्या फोनची वाट बघत बसले. तुमचा फोन आला असता तर मी गेले असते, असं म्हणते खरी, पण ते तरी कशावरून?

तुमच्या तेराव्याला तुमची आई आली होती. आता तिला नीट ऐकू येत नाही. जेवणं झाल्यावर भिंतीला टेकून बसली होती, मी जवळ जाऊन बसले. तिनं माझा हात हातात घेतला आणि कुणाशी तरी जुनं बोलणं पुढं चालू ठेवावं तसं म्हणाली, "धाकटीच्या येळंला तीन म्हैनं बोलली न्हवती ती."

"कोण?"

"तुझी आक्का. दुसरी बी पोरगी झाली म्हणून रुसलीया, आसं आमी सगळी म्हनायचो. मी सुदा म्हनायची तिला, रडून काय पोरगा व्हनार हाय का? ईहिरीवर जाऊन बसायची. तिचा बा जाऊन घिऊन यायचा."

"मग बरी कशी झाली?"

"कोन जानं. झाली आपली आपन."

आक्का, तुम्ही मला हे का नाही सांगितलंत? वर्गात सांग, बायकांना सांग, म्हणून आठ वर्षं माझ्या मागे लागलात, आणि स्वतः त्या भडंगाच्या पुडीवर माझ्याशेजारी बसून एकदाही तोंड उघडलं नाहीत. मला तुमचा इतका राग आला की मी तिथून उठून परड्यात गेले. मग हळूहळू सगळं उलगडायला लागलं. जेवण मातीसारखं लागतं, हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नव्हतं. आणि पाचवीच्या दिवशी दार ओढून तुम्ही मला जे बोललात, ते शब्दसुद्धा तुमचे नव्हते. ते तुम्हाला ऐकवलेले होते. तुम्ही ते तसेच मला दिलेत, आणि सात दिवसांनी परत घेतलेत. तुम्हाला दिलेले कुणी परत घेतले नाहीत.

आणि मी तरी कुठं विचारलं? एकदाही विचारलं नाही, आक्का, तुम्हाला एवढं कसं कळतं? माझं दुखणं एवढं मोठं होतं की त्यात तुमच्यासाठी जागाच नव्हती. तुमची अशी आठ वर्षं माझ्यासमोर गेली.

त्या संध्याकाळी यांना सांगितलं. रजा काढून आले होते, मुंडण केलेलं, ओळखू येत नव्हते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "वहिनीला माहीत व्हतं, आन् मला न्हाई?"

"तुम्ही बर्फात होता."

"उतरलो की नंतर. आठ वर्सं झाली." मग म्हणाले, "मी काय केलं आसतं, तेबी मला सांगता येत न्हाई म्हना." सकाळी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. यांनी असं कधी केलं नव्हतं. उद्यापासून वर्ग पुन्हा सुरू होतोय. वर्गात सांगणार आहे. दोन-तीन सासवा सुनांना घेऊन जातील, माझी तयारी आहे. पण जिना उतरताना मला कुणी विचारणार नाही की सांगितलंस का, आणि जिना रिकामा असेल याची तयारी मला करता येत नाहीये.

आज प्रणालीकडं गेले होते. तिच्या आईनं दार उघडलं, पण या म्हटलं नाही. मी आपली आत गेले. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. माझा आवाज ऐकून न वळताच म्हणाली, "मॅडम, मी रोज करते श्वासाचं. नाही होत."

"ते सोड," मी म्हटलं. "मला झालं होतं हे."

ती वळली नाही. म्हणून मी पुढं बोलत राहिले. हात मांड्यांखाली घेऊन कशी बसले होते ते सांगितलं. तिला दुसरी आई बघा, असं म्हणाले होते, ते सांगितलं. तेव्हा ती वळली. "तुम्ही असं म्हणालात? तोंडानं?" म्हटलं, हो, तोंडानं, बारशाच्या दिवशी. तिनं उठून बसायचा प्रयत्न केला आणि मग ती रडायला लागली. तिची आई बाळाला घेऊन दारात उभी होती, तीही. मी म्हटलं, उद्या सकाळी डॉक्टरकडं जायचं, मी गाडी घेऊन येते, वर्ग दुपारी आहे. तोपर्यंत हिला एकटीला सोडू नका. आईनं विचारलं, "शेजारी काय सांगू?" मी म्हटलं, सांगा, पोरगी आजारी आहे, डॉक्टरला दाखवायला नेलंय.

मी निघाले तेव्हा प्रणालीनं माझा हात धरला.

"मॅडम, तुमच्याजवळ तेव्हा कोण होतं?"

"माझी थोरली जाऊ."

"जाऊ?" तिला हसू आलं. अगदी थोडंसं, पण आलं. "कुठं असतात त्या?"

"गावी," माझ्या तोंडून गेलं.

"त्यांना एकदा घेऊन याल का इकडं? मला बघायचंय त्यांना."

आक्का, तेरा दिवस मी येईल त्याला सांगत होते की तुम्ही गेलात. मोठ्या दिरांच्या मित्रांना सांगितलं, साखर कारखान्यातल्या माणसांना सांगितलं, फोनवर सांगितलं. त्या पोरीला मला सांगता आलं नाही.

"आणते," म्हणाले.